एक थेंब, दोन आकडे

अलिबाग
९ नोव्हेंबर २०२४

हुझैफाभाई, सलाम.

तुझी पेटी परवा मिळाली. आत दोन मशीन, पट्ट्यांच्या डब्या आणि एक चकचकीत पत्रक. पत्रकावर पांढरा घोडा लाटांवरून धावतोय आणि खाली लिहिलंय, ‘९८ टक्के अचूक’. कशाच्या मानाने अचूक, ते लिहिलेलं नाही. घोड्याला विचारलं असावं.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस, आणि मी हो म्हटल्याचं तुला नंतर आठवतं. मेलच लिही, म्हणजे कोण काय म्हणालं ते राहील.

हे काम मी तुझ्यासाठी करत नाही. आपल्या वावेखारला घोड्याचं पोट दुखायला लागलं, की नुसता गॅस आहे की आतडं अडकलंय हे बाहेरून कळत नाही. रक्तात लॅक्टेट वाढलं असेल तर आतडं मरायला लागलंय आणि घोडा ताबडतोब ऑपरेशनला न्यायला हवा. ते रक्त अलिबागला माझ्या लॅबमध्ये पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा घोड्याने स्वतःच निकाल दिलेला असतो. तबेल्यात उभं राहून हे सांगणारं मशीन मला हवंच आहे. फक्त त्याने खरं सांगावं.

पद्धत अशी. प्रत्येक घोड्याचं रक्त मी स्वतः, एकदाच काढीन. त्यातला एक थेंब तुझ्या मशीनला, बाकीचं बर्फात घालून लॅबला. दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे. चाळीस घोडे लागतील, त्यातले निदान दहा आजारी. निरोगी घोड्यांवर खिशातला कॅल्क्युलेटरही अचूक ठरतो.

सही करीन ती आकडे आल्यावर. आकडे काय यावेत ते तू कळवू नकोस.

जवेरिया


शारजा
१३ नोव्हेंबर २०२४

डॉक्टरीणबाई, वालेकुम सलाम.

तू बदलणार नाहीस. शाळेत असताना माझ्या पतंगाचा मांजा फूटपट्टीने मोजून ‘दुकानदाराने फसवलंय’ म्हणणारी तूच.

ऐक. कंपनी नवी मुंबईत ऑफिस काढतेय. माल न्हावा शेव्याला उतरणार, तिथून देशभर जाणार. त्या ऑफिसात मला बसवायचं चाललंय, पण आधी भारतातल्या घोड्यांवरचा अहवाल हवा, शिकलेल्या माणसाच्या सहीचा, फेब्रुवारीच्या आत. आठ वर्षं मी इथे एका खोलीत पाच जणांबरोबर झोपतोय. माझी मुलगी मोबाइललाच अब्बा म्हणते. तिच्या अम्मीने चार्जिंगला लावला की म्हणते, अब्बा जेवतोय. तुला आकडे लागतात म्हणून आकडा सांगतो : ती चार वर्षांची आहे.

अब्बांनी, तुझ्या मामूंनी, घोडेवाल्यांमध्ये शब्द टाकलाय. किनाऱ्यावरचा एकेक घोडा हजर होईल. घरच्या घोड्यांसाठी एक मशीन आपल्या धाकट्या तैयबाकडे ठेव, ती शिकेल. मराठी पत्रकही मी बनवून घेतलंय : अडीचच्या खाली हिरवा हसरा चेहरा, वर लाल रडका. अब्बांनी ते तबेल्यात चिकटवलं पण.

तुझाच भाऊ,
हुझैफा


अलिबाग
२ डिसेंबर २०२४

हुझैफाभाई, सलाम.

शनिवारी वावेखारला जाऊन आले. मी आजारी घोडे मागितले होते. मला वरात दाखवण्यात आली.

अठ्ठावीस घोडे रांगेत उभे. गुडघ्यापर्यंत झुली, कपाळावर गोंडे, खुरांना तेल. एकाच्या डोक्यावर कुणाच्या तरी लग्नातला तुरा होता. मामूंनी खुर्च्या मांडल्या होत्या आणि सरबत ठेवलं होतं. बुधाजी नावाचा एक घोडेवाला मला म्हणाला, “ताई, रगत डाव्या बाजूनं घ्या. उजवी बाजू फोटोची हाय.”

मी विचारलं, यात आजारी कोण? “आमच्याकडं आजारी न्हाय,” बुधाजी म्हणाला. मी म्हटलं, वाळूत सांडलेलं गवत खाऊन, दिवसभर माणसं वाहून एकही घोडा आजारी पडत नसेल, तर तुम्ही मला पगार देऊन शिकवायला ठेवा. त्याआधी, आल्या आल्या, काय अपेक्षित आहे ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. त्याचा उपयोग झालेला दिसला नाही.

निकाल सोबत आहेत. मशीन आणि लॅब यांच्यात नाव घेण्यासारखा फरक नाही. तू खूश होशील. मी नाही. इतके जुळणारे आकडे मी फक्त विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये पाहिले आहेत.

जवेरिया


शारजा
४ डिसेंबर २०२४

जवू,

मुबारक. आमच्या साहेबाने तुझा तक्ता पाहिला, त्याने कॉफी मागवली. तो कुणासाठी कॉफी मागवत नाही. म्हणतो दोन्ही आकडे एकत्र चढतात, एकत्र उतरतात, आणखी काय हवं? उरलेले बारा घोडे कुठूनही आण आणि सही कर. आजारी घोडा मिळत नाही म्हणून रडणारी डॉक्टर मी पहिल्यांदा बघतोय.

हुझैफा


अलिबाग
११ डिसेंबर २०२४

हुझैफाभाई,

तुझ्या साहेबांना सांग : तुझं आणि तुझ्या मेहुण्याचं वजन दर वर्षी एकत्र चढतं. म्हणून तुझी पँट त्याला होत नाही.

आता दुसरी गोष्ट. लॅक्टेट मोजून झाल्यावर उरलेलं रक्त मी फेकलं नाही. त्यावर यकृताच्या, स्नायूंच्या, मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासण्या केल्या. प्रत्येक जनावराची या आकड्यांची एक ठेवण असते, ती दुसऱ्याशी सहसा जुळत नाही. इथे बादल, सुलतान, राजा आणि गुलनार या चौघांची ठेवण दशांशापर्यंत सारखी आहे. स्नायूंचा एक आकडा चौघांतही सारखाच वाढलेला. आणखी सहा घोड्यांची अशीच जुळी भावंडं सापडली.

म्हणजे एकाच घोड्याची झूल बदलून त्याला परत परत माझ्यासमोर उभं केलं. नावं अठ्ठावीस, घोडे एकोणीस. मी मान बघत होते आणि शीर शोधत होते. झुलीखाली वाकून बघायला हवं होतं, कारण गुलनार ही मामूंची घोडी आहे आणि बादल, माझ्या माहितीप्रमाणे, घोडा आहे.

त्या तक्त्यावर कॉफी प्यायलेल्यांनी दुसरं काहीतरी प्यावं. तो तक्ता रद्द आहे. यात मामूंचा हात आहे का, हे मी तुला विचारत नाही. उत्तर तुला माहीत असेल तर तू ते देणार नाहीस, आणि नसेल तर बनवशील.

जवेरिया


वावेखार
१५ डिसेंबर २०२४

जवेरियाआपा, सलाम.

भाईने तुझा मेल मला पाठवला आणि म्हणाला, तूच उत्तर दे, मला हिची भाषा झेपत नाही. म्हणून मी, तैयबा, लिहितेय.

अब्बांना माहीत होतं. अब्बांनीच केलं. पण आपा, तू त्या दिवशी गाडीतून उतरल्या उतरल्या काय म्हणालीस ते तुला आठवतं का? सलामसुद्धा नंतर केलास. म्हणालीस, “ज्याचा घोडा आजारी असून वाळूवर उभा आहे त्याचा परवान्याचा बिल्ला जप्त करायला पाहिजे.” ते बोलून तू हातमोजे घालायला लागलीस. तेवढ्या वेळात आजारी घोडे रांगेतून मागे गेले. बिल्ला गेला तर सीझन गेला, हे तुला शिकवायला नको.

बुधाजीचा घोडा खरंच लंगडत होता. तो अब्बांना म्हणाला, “इक्बालशेट, तुमची भाची हाय का आरटीओ?” अब्बा म्हणाले, “भाची हाय, पण आरटीओत शिकलेली.” मग अब्बांनी बादलला पुढे केलं. म्हणाले, चार वेळा सुई टोचून घेईल, गुणी हाय. आपल्या घरच्या गुलनारचं खाणं कमी झालंय, पोट धरल्यासारखी उभी राहते. तिच्या जागी पण बादलच. अब्बांना वाटलं, पोराच्या कामाला आजारी घोडे दाखवायचे म्हणजे पोराचंच वाईट.

तुला आजारी घोडे बघायचे असतील तर मागच्या दाराने ये. बाटल्यांवर नाव घालू नकोस. आणि आधी चहा घे, मग बोल.

तुझी,
तैयबा


अलिबाग
१० जानेवारी २०२५

हुझैफाभाई, सलाम.

वावेखारला तीन रविवार मागच्या दारांनी फिरले. बाटल्यांवर नाव नाही, फक्त खूण. प्रत्येक घरी चहा घेतला. बुधाजीकडे दोनदा, कारण पहिल्या कपात मी फार लवकर बोलले असं त्याच्या बायकोचं मत पडलं. वीस घोडे पाहिले, सगळे वेगळे, याची खात्री करून. त्यातले अकरा आजारी. मामूंचं मागचं दार तेवढं बंद होतं. गुलनार आता ठीक आहे म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी एक सांदण वाढलं.

निकाल सांगते. निरोगी घोड्यांत मशीन बरोबर आहे. थोड्या आजारी घोड्यांत कमी दाखवतं. फार आजारी घोड्यांत फारच कमी दाखवतं. एका घोड्याचं लॅबमध्ये सहाच्या वर आलं, मशीनवर सव्वादोन. तुझ्या हिशोबाने हसरा चेहरा. तो घोडा दुसऱ्या दिवशी मेला.

कारण अवघड नाही. पोट अडकलेल्या घोड्याचं पाणी कमी होतं आणि रक्त दाट होतं. दाट थेंबात पेशी जास्त आणि पातळ द्रव कमी. तुझी पट्टी मोजते तो द्रव. घोडा जितका मरणाच्या जवळ, तितकं रक्त दाट आणि तितका आकडा खाली. तुझं मशीन निरोगी घोड्याला निरोगी म्हणतं आणि मरणाऱ्यालाही निरोगी म्हणतं. याला अचूकपणा म्हणत नाहीत, आदब म्हणतात.

रक्त फिरवून द्रव वेगळा काढून तपासला तर मशीन बरोबर चालतं. पण रक्त फिरवायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस तबेल्यात असेल, तर तुझं मशीन कशाला हवं?

सही होणार नाही. तबेल्यातलं ते पत्रक काढायला सांग.

जवेरिया


शारजा
१४ जानेवारी २०२५

जवेरिया,

मी खोटं कर म्हणत नाहीये. निरोगी घोडे किती झाले? आधीचे खरे एकोणीस, नंतरचे नऊ, मिळून अठ्ठावीस. त्यांचे आकडे खरे आहेत की नाही? त्यावर अहवाल लिही : ‘निरोगी घोड्यांमध्ये यंत्र अचूक आढळले.’ एक शब्दही खोटा नाही. आजाऱ्यांचं पुढच्या वर्षी बघू, पट्टी सुधारू, मीच मागे लागेन.

तुला हे सोपं आहे. तू दुपारी लॅब बंद करून घरी जेवायला जातेस. दाट रक्त, पातळ रक्त. माझं कसलं आहे ते कधी मोजलंस? घरातल्या एका माणसाला परत आणायला एक सही पुरते, आणि ती सही घरातच आहे, आणि घरातली बाई म्हणते पद्धत चुकते.

पत्रक राहू दे तिथे. अब्बांना आवडतं.

हुझैफा


वावेखार
२८ जानेवारी २०२५

जवेरियाआपा, सलाम.

तू गुलनारबरोबर मुंबईपर्यंत गेलीस, पण त्याआधी इथे काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. भाईने सांगितलंय की आपाला सांगू नकोस. म्हणून लिहून कळवतेय.

सव्वीस जानेवारी रविवारी आली, त्यामुळे वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. अब्बांनी गुलनारला पण बाहेर काढलं. दुपारी ती एकदम बसली. उठवली तर परत बसली. सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, अंगाला घाम. तबेल्यात आणली आणि मी मशीन लावलं. दोन पूर्णांक एक. अब्बांनी भिंतीवरच्या पत्रकावर बोट ठेवलं. “हिरवा हाय. गॅस असंल. जिरं-ओवा द्या.”

मग मी तुला फोन केला. तू हिरड्या बघायला सांगितल्यास, मी म्हटलं जांभळ्या आहेत. तू म्हणालीस, टेम्पोत चढवा, मांडव्याच्या रो-रो बोटीला लावा, मी मांडव्याला येते. इथपर्यंत तुला माहीत आहे.

अब्बा ऐकेनात. बुधाजी टेम्पो घेऊन आला, तरी अब्बा दारात उभे. म्हणाले, “मशीन हिरवा म्हनतो, पोरगी लाल म्हनते. पोराचा मशीन खोटा पडला तर माझा पोरगा खोटा पडला. त्याला इचारतो.” आणि शारजाला फोन लावला, स्पीकरवर.

भाईने पण आधी हिरड्यांचं विचारलं. मी सांगितलं. तिकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, तेवढा आवाज. बुधाजी म्हणाला, “फोन कटला काय?” अब्बा म्हणाले, “न्हाय, हाय. बोल की रे.”

तेव्हा भाई म्हणाला, “अब्बा, मशीनकडे बघू नका. जवू सांगतेय तसं करा. घोडी गाडीत चढवा.”

अब्बांनी फोन बंद केला. घोडी चढवली. पुढचं तुझ्याकडे आहे. ते पत्रक अब्बांनी फाडलं नाही, भिंतीवरून सोडवून घडी करून खिशात ठेवलं. दोन दिवस झाले, त्यांनी भाईला फोन केलेला नाही, आणि मला विचारतात, त्याचा आला का?

तैयबा


शारजा
३० जानेवारी २०२५

जवेरिया, सलाम.

गुलनारच्या पोटातून बादलीभर वाळू निघाली आणि ती उभी राहिली असं तैयबाकडून कळलं. अल्लाचा शुक्र. तू वेळेवर होतीस म्हणून झालं, अब्बा तुझे उपकार विसरणार नाहीत. मी इथे दूर बसलेला, मला तर सगळं दुसऱ्या दिवशी समजलं.

साहेबाने पंधरा फेब्रुवारी शेवटची तारीख दिलीय. मी मागच्या वेळी लिहिलं होतं त्याचा थंड डोक्याने विचार कर. निरोगी घोड्यांपुरता अहवाल, एक पान. एका घोडीवरून सगळं मशीन खोटं ठरत नाही, हे तूच मला सांगशील.

हुझैफा


अलिबाग
२ फेब्रुवारी २०२५

हुझैफाभाई, सलाम.

बरोबर आहे, एका घोडीवरून मशीन खोटं ठरत नाही. म्हणून बाकीचेही सगळे आकडे दिले आहेत. मांडव्याला धक्क्यावर मी गुलनारचं रक्त काढलं, ते लॅबमध्ये सहा पूर्णांक आठ आलं. त्याच रक्ताचा थेंब तुझ्या मशीनवर दोन पूर्णांक एक, तबेल्यात आला होता तसाच. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, जिरं-ओवा देत बसला असतात तर आणखी वाट बघायची गरज पडली नसती.

तुला दुसऱ्या दिवशी समजलं म्हणतोस. तैयबाने मला फोनचं सगळं लिहिलं आहे. तिच्यावर रागावू नकोस. सांगितलं की ती गप्प बसेल, हा तुझा अंदाज चुकला.

महिनाभर तू मला समजावतोस की माझी पद्धत घरच्या माणसाच्या आड येते. आणि तुझ्या स्वतःच्या बापाची घोडी समोर पडल्यावर तू काय केलंस? ९८ टक्के काढले नाहीस. साहेबांना विचारलं नाहीस. हिरड्यांचा रंग विचारलास आणि मशीन बाजूला ठेवायला लावलंस. या यंत्राची इतकी स्पष्ट तपासणी मीही केली नाही.

सोबत अहवाल आहे, दोन पानांचा. पद्धत आणि सगळ्या घोड्यांचे आकडे मी भरले आहेत, निरोगी आणि आजारी दोन्ही. खाली माझी सही आहे. निष्कर्षाची जागा कोरी सोडली आहे, आयुष्यात पहिल्यांदा. तिथे तू मामूंना जे सांगितलंस ते जसंच्या तसं लिही. एक वाक्य आहे, तुला पाठ असेल. साहेबांना कळेल अशा भाषेत उतरव. त्याऐवजी दुसरं काही लिहिलंस तर माझी सही त्याखाली राहील, आणि मी ती काढून घेण्यासाठी काहीही करणार नाही. फक्त मामूंच्या तबेल्यात ते पत्रक परत लावायला तू स्वतः ये.

जवेरिया


शारजा
३ मार्च २०२५

जवेरिया, वालेकुम सलाम.

चौदा तारखेपर्यंत तुझा अहवाल उघडून बसत होतो. तीन निष्कर्ष लिहिले, इंग्रजीत, चांगले होते, त्यातला एक तर तुलाही आवडला असता. मग अब्बांचा फोन आला. मशीनचं काही बोलले नाहीत. गुलनार बादलीतलं पाणी सांडते, असं बराच वेळ सांगत राहिले. फोन ठेवताना म्हणाले, त्या दिवशी तू बोललास ते बरा झाला.

मी ते वाक्य लिहिलं. ‘यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या घरच्या घोडीबाबत यंत्राकडे न बघण्याचा सल्ला दिला.’ साहेबाने दोनदा वाचलं. कर्मचारी कोण, विचारलं. मी म्हटलं, मी. या वेळी कॉफी मागवली नाही.

नवी मुंबईचं ऑफिस आता दुसऱ्याला मिळालंय, तो कुत्र्या-मांजरांची औषधं विकणार. मशीन कंपनीने बाजारातून मागे घेतलं नाही. घोड्याचं चित्र काढून टाकलंय आणि तेच पत्रक उंटांसाठी छापलंय. साहेबाने मला विचारलं, तुझ्या त्या बहिणीच्या ओळखीचा कुणी उंटवाला आहे का? मी सांगितलं, आमच्या बाजूला उंट नाहीत आणि ती बहीण कुणाच्या ओळखीची नाही.

तू बरोबर होतीस हे लिहीत नाही. तुला ते आधीच माहीत होतं, आणि तुझ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त तेच खुपलं.

ईदला मी येत नाहीये. रजा होती ती ऑफिसच्या भरवशावर संपवली. मुलीला तैयबा सांगेल, मोबाइल दाखवून. माझ्या अम्मीला मात्र मी अजून काही बोललेलो नाही. मी येणार म्हणून तिने माझ्या खोलीला चुना मारून घेतलाय म्हणे. तिला तू सांग. तुझं आता सगळे ऐकतात.

हुझैफा